खुन्या दारात का थांबतो

ये, अशी जवळ सरक. लांब बसून नुसती मान डोलवायची तुझी खोड लहानपणापासनंची आहे. फोन केला की "अक्का, हात पिठात हायत, मागनं करते" म्हणायचं, आणि मागनं काही करायचं नाही. कुणाचे हात इतके दिवस पिठात असतात गं? कोऱ्हाळ्याहून लासुर्ण्याला यायला काय समुद्र ओलांडायचा आहे? धाकटी बहीण म्हणून रुसायचा हक्क तुझा एकटीचा झालाय वाटतं. रूस, पण जवळ येऊन रूस. समोर नाहीस म्हणून कागदावर बोलते आहे. मला एक सांगायचं आहे आणि सांगता सांगता माझाच गोंधळ उडणार आहे, तेव्हा मध्ये मध्ये हुंकार देऊन मला अजून घोळात घालू नकोस.

परवा मी तो सिनेमा परत बघितला. आपला खुन्याचा.

तुला मी तो पुष्कळदा सांगितलाय, तरी परत सांगते. कारण माझ्याकडं येऊन तो बघायला बसलीस की अर्ध्यात तुझी मान पडते आणि संपल्यावर विचारतेस, "मग मेला का त्यो?" तर नीट ऐक. माझा पाय मोडला होता तेव्हा माझ्या थोरल्या पोरानं पुण्याहून पेनड्राइव्ह भरून आणला. मी म्हटलं होतं मालिका आण. त्यात हा एक परदेशातला सिनेमा घुसला, हिंदीत बोलणारा. पहिल्यांदा मी रिमोट लांब होता म्हणून बघितला. मग मात्र सवयच लागली. घरात त्याला 'आईचा खुन्या' म्हणतात.

मोठ्या शहरातला माणूस आहे. धंदा सुपारी घेऊन माणसं मारायचा. पण राहतो कसा, तर एखाद्या बैराग्यासारखा. चपला शिवणाऱ्याच्या दुकानामागं एक खोली, एक सतरंजी, एक वाडगा. सकाळी उठून खोली झाडतो, आणि कोपऱ्यापासनं झाडतो हं, आपल्या सुनांसारखं मधनंच नाही. एक जुनं पुस्तक आहे त्याच्यापाशी, जपानच्या सामुराई लोकांच्या नियमांचं. सामुराई म्हणजे पूर्वीचे लढवय्ये, असं थोरल्यानं सांगितलं. मालकासाठी जीव द्यायचा आणि 'का' म्हणून विचारायचं नाही. याचा मालक म्हणजे एक म्हातारा घड्याळवाला. याला लहानपणी उपाशी बघून त्यानं वाडगाभर भात दिला होता. तेवढ्यावर हा त्याचा झाला. दुकानाबाहेर निळी छत्री टांगलेली दिसली की समजायचं, काम आहे.

माणसं मारणारा आवडतो कसा, असं तूच मला एकदा विचारलंस. मला काय माहीत? त्याचं झाडणं आवडतं. बोलत नाही ते आवडतं. आमचे हे एकदा माझ्याशेजारी बसून बघत होते. म्हणाले, "मालकानं छत्री टांगली की निघाला बघ. एका शब्दानं उलटं बोलत न्हाय. शिक जरा."

मी म्हटलं, "त्याचा मालक छत्री तरी टांगतो. तुमी नुसतं खोकता, आन मी ओळखायचं, च्या पायजे का तंबाखू."

आता शेवट. शेवटी तो म्हातारा पार थकतो. हात थरथरायला लागतात, घड्याळाचा बारीक स्क्रू बसेनासा होतो. एक दिवस छत्री टांगलेली असते. हा जातो आणि विचारतो, "कुणाचं?" म्हातारा म्हणतो, "माझं."

झालं. हा खोलीवर येतो, झाडतो, पुस्तकाचं एक पान वाचतो, पावसात निघतो आणि मालकाच्या दारात येऊन थांबतो. नुसता उभा. मग पडदा काळा. संपला.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की तो माघारी फिरतो. हे म्हणायचे, मारतो. मी म्हणायची, "काळ्या पडद्यात तुमाला कसं दिसलं?" तर म्हणे, "एवढी वर्सं तुझ्यासंगं काढली. अंधारात काय चाललंय ते कळतं मला."

पण मला सिनेमा परत बघायची गरज का पडली ते सांगायला हवं. ते तुझ्या पोरापासनं सुरू होतं, आणि म्हणूनच तू रुसली आहेस.

विहिरीपलीकडची आपली डाळिंबाची बाग तुला माहीत आहे. आपली म्हणते, त्याचं कारण पुढं येईल. दोन हंगाम झाले तिला तेल्या लागलाय. आधी पानावर पाणी पडल्यासारखा डाग, मग फळावर काळा, मग फळ मधोमध तडकतं. फवारण्या झाल्या, छाटणी झाली, खोडांना बोर्डोचा औषधी लेप फासून झाला. एक बहार सोडून तिला नुसती विश्रांती दिली. काही उपयोग नाही. आणि नेमकी शेजारी धाकट्या दिरानं नवी बाग लावलेली. बांधाच्या पलीकडं ती कोवळी झाडं बघितली की मला आपली बघवत नाहीत. दीर भांडला असता तर बरं झालं असतं. तो भांडत नाही. बांधावर येऊन टोपी हातात घेऊन म्हणतो, "वयनी, मी काय बोलू? पर पाऊस-वारं सुरू झालं की ह्ये समदं माझ्याकडं येतंय बघा."

खरं आहे त्याचं. मला ते खरं दिसतं. तरी मी काय करायची, सकाळी हे उठायच्या आत बागेत जायची, डागाळलेली फळं तोडून ओच्यात घ्यायची आणि कडेच्या खड्ड्यात टाकून माती लोटायची. म्हणजे झाडावर डाग कमी दिसतील आणि बाग सुधारतेय असं वाटेल. कुणाला वाटेल? मलाच. डॉक्टरला दाखवायच्या आधी तोंड धुऊन पावडर लावावी तसला प्रकार.

शेवटी ह्यांनी ठरवलं, पाऊस यायच्या आत बाग मुळासकट काढायची. तुझ्या पोराला फोन केला. घरचा माणूस, त्याचा जेसीबी कळस गावात कालव्याच्या चारीच्या कामावर होता, तिथनंच तो आला. तुला त्यानं किती सांगितलं ठाऊक नाही, म्हणून मी सगळं सांगते.

सकाळीच आला. मशीन बांधाशी उभं केलं. खाली उतरला, हात धुतले, बकेटला हळदकुंकू लावलं, उदबत्ती लावली. मी दारातनं बघत होते. अगं, थेट आपला खुन्या. तसाच सरळ पाठीचा, तसाच न बोलता एकेक काम करणारा. मला वाटलं, आला. माझ्या दारात निळी छत्री कुणी टांगली?

हे म्हणाले, "चल, वरच्या अंगानं धर."

तर तो मशीनवर चढेचना. माझ्याकडं वळला. म्हणाला, "मावशे, तू म्हण."

"काय म्हणू?"

"काढ म्हण."

हे म्हणाले, "आरं, मी सांगतोय की."

"तात्या, तुमी खड्डं घेतलं. लावली कुणी?"

"लावली हिनंच."

"मग हिनंच सांगायचं. माझा नेम हाय त्यो. ज्याच्या हातानं लागलं त्याच्या तोंडातनं यायला पायजे. त्याबिगर मी बकेट टेकवत न्हाय."

मी म्हटलं, "आधी च्या घे."

चहा झाला. त्यानं कप खाली ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पोहं टाकते." पोहे झाले. परत बघितलं. मी म्हटलं, "आता एवढा थांबलास तर भाकरी खाऊनच जा, वांगी ताजी हायत." हे ओसरीवर नुसतं खोकत होते, आणि ते खोकणं चहाचं नव्हतं एवढं मला कळत होतं.

जेवताना मी त्याला विचारलं, हा नेम कुठला काढलास? तर म्हणाला, एका वस्तीवर द्राक्षाची बाग काढली होती. तिथल्या म्हातारीच्या मुलानं सांगितलं, यानं काढली. काम झाल्यावर म्हातारी आली, बारामतीच्या दवाखान्यातनं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती रडली नाही, भांडली नाही. मशीनभोवती एक फेरी मारली, देवळाभोवती मारतात तशी, आणि घरात गेली. "मावशे, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," म्हणाला. "तवापासनं मी इचारतो."

मग हात धुतले. ऊन डोक्यावर आलेलं. तो बांधावर जाऊन मशीनच्या सावलीला उभा राहिला. मीही गेले. तोंड उघडलं. काढ, एवढंच तर म्हणायचं होतं. तुला सांगते, मी पोरांना दरडावलंय, गड्यांना दरडावलंय, कारखान्याच्या शेतकी ऑफिसात जाऊन उसाच्या तोडीसाठी साहेबाला दरडावलंय. पण ती दोन अक्षरं माझ्या तोंडातनं निघेनात. त्यानं वाट बघितली. मग म्हणाला, "येतो मावशे. तुला जमंल तवा फोन कर." आणि मशीन वळवून गेला.

त्याच संध्याकाळी तुझा फोन. हॅलो नाही, काही नाही. "अक्का, माझ्या पोराला दारातनं माघारी लावलंस म्हणं."

मी म्हटलं, "जेवून गेलाय त्यो."

"जेवायला आला न्हवता."

"अगं, पर..."

"बाहेरचा डायवर असता तर असं उभा केला असतास का अर्धा दीस? घरचा म्हणून त्याचं काम ते काम न्हाय व्हय?" आणि फोन ठेवलास. तेव्हापासून तुझे हात पिठात.

तू म्हणालीस ते मला लागलं, पण मला ते नीट कळलंही नाही. मी त्याला माघारी लावलं का? मी तर एक शब्दही बोलले नाही. मग मला वाटलं, न बोलणं म्हणजेच माघारी लावणं असेल. मग वाटलं, चूक त्याचीच. माझा खुन्या कधी विचारत नाही. छत्री दिसली की निघतो. विचारायचं नाही हाच त्याचा नेम, आणि इथं विचारल्याशिवाय हात लावायचा नाही हा आपल्या पोराचा नेम. दोघंही नेमाचे. मग खरा नेम कुठला? आणि हे मी कुणाला विचारू? ह्यांना विचारलं तर म्हणाले, "बाग डाळिंबाची, आन तू जपानला कशाला निघालीस?"

म्हणून परवा दुपारी, दिवसा लाईट होती, मी पेनड्राइव्ह लावला.

आणि गंमत बघ. इतक्यांदा बघितलेला सिनेमा, आणि मला त्यात नवीनच काहीतरी दिसायला लागलं. तो शेवटीच तेवढा दारात थांबत नाही. प्रत्येक वेळी थांबतो. पहिल्या खुनाला थांबतो, त्या पुलाखालच्या घराशी थांबतो, सगळीकडं. दार समोर, हात कोटात, आणि उभा. मला आजवर वाटायचं, आत कोण आहे त्याचा कानोसा घेतोय. परवा त्याच्या तोंडाकडं नीट बघितलं. ऐकणाऱ्याची मान जरा तिरकी होते. याची सरळ आहे. तो ऐकत नाही गं, तो वाट बघतोय. कुणीतरी बाहेर यावं आणि म्हणावं, नको. किंवा म्हणावं, हो. काहीतरी म्हणावं. कुणी येत नाही, मग तो आत जातो.

म्हणजे तोही विचारतच होता का? नुसतं उभं राहणं हे विचारणं होतं का? मग पुस्तकातला नेम त्यानं मोडला की पाळला? मी सिनेमा थांबवून बसून राहिले. पडद्यावर तो दारात, आणि मी खाटेवर. मला काही उलगडेना.

तेवढ्यात हे गावच्या कर्जाच्या सोसायटीतनं आले. चप्पल काढता काढता म्हणाले, "परत खुन्या?"

मी म्हटलं, "ह्यो दारात का थांबतो सांगा बघू."

"पाय भरून आलं असतील."

"चेष्टा नको. सांगा."

ते बसले माझ्याशेजारी. पुढचा सिनेमा आम्ही दोघांनी बघितला. शेवट आला. दार जरा उघडं, आत दिवा, म्हातारा बाकावर पाठमोरा. आणि बाकावर दोन वाडगे! मी कधी बघितलेच नव्हते. एक म्हाताऱ्यापुढं, एक रिकाम्या जागेपुढं. मग पडदा काळा.

"दोन वाडगं कशाला?" मी विचारलं. "त्याला जेवायला बोलवलंय का मरायला?"

"दुसरा मांजराचा आसंल."

"मांजर कुठं हाय सिनेमात?"

"न्हाय व्हय? मग मला न्हाय ठाऊक." आणि काळ्या पडद्याकडं बघतच, अगदी हळू आवाजात म्हणाले, "खड्डा भरला होता तुझा."

मी म्हटलं, "कुठला खड्डा?"

"फळं टाकतीस त्यो. मी रोज सांजचं खोल करत हुतो. आता खाली मुरूम लागला, पहार लागत न्हाय."

बघ आता. इतके दिवस मी चोरून फळं पुरते आहे, आणि खड्डा भरत कसा नाही याचा मला एकदाही विचार पडला नाही. म्हणजे ह्यांना सगळं माहीत. मग तुझ्या पोराला बोलावलं कशाला? बोलावलं तर खड्डा खोल कशाला केला? काढायची होती की राखायची होती? मी विचारलं तर म्हणाले, "दोन्ही." असं कुठं असतं का? पण त्यांचं तोंड बघून पुढं विचारवेना.

मग मीच चिडून म्हटलं, "लावली मी म्हणून समदं माझ्याच गळ्यात. मी एकटीनं काय काय म्हणायचं?"

तर म्हणाले, "एकटीनं कुठं लावलीस? रोपं धराया तुझी धाकटी न्हवती का?"

आणि मला एकदम दिसलं. तुला आठवतंय का गं? उन्हाळ्यात पोरांना घेऊन चार दिवस आली होतीस. हा जेसीबीवाला तेव्हा शाळेत होता, दिवसभर विहिरीत डुंबायचा. ह्यांनी खड्डे घेऊन ठेवलेले. तू रोप सरळ धरायचीस आणि मी माती लोटून पायानं दाबायची. ओळीनं ओळ. मी म्हणायची, "वाकडं धरलंयस," आणि तू म्हणायचीस, "रोप सरळ हाय, तूच वाकडी उभी हायस." पहिल्या झाडाची ओटी भरली, नारळ, खण, तांदूळ. तेव्हा तूच म्हणालीस, लेकुरवाळी होऊ दे बाई. झाली की. किती गाड्या भरून गेल्या तिच्या बारामतीच्या आणि इंदापूरच्या बाजाराला. पहिल्या तोड्याची पहिली पाटी दर साली तुझ्याकडं आली, ती काय उगाच? ते मला माहीत होतं, पण कशामुळं ते मी विसरून गेले होते. सवयीनं पाठवत राहिले.

तर तुझ्या पोराचा नेम बरोबर असेल, किंवा नसेल, मला अजून ठरवता येत नाही. पण बरोबर असेल तर त्यानं अर्ध्याच माणसाला विचारलं. बाकीचं अर्धं त्याच्या घरी पोळ्या लाटत होतं. त्याला हे ठाऊक नसणार, पोहत होता तो. आता तू आई आहेस त्याची, तूच सांग.

मला वाटतं म्हणून ते माझ्या एकटीच्या तोंडातनं निघालं नसेल. का मी हे आता सोयीचं कारण शोधते आहे? असेलही. मला कळत नाही. बाग आजारी आहे, दिराची झाडं कोवळी आहेत, आणि आभाळ दुपारनंतर भरून यायला लागलंय. एवढ्या तीन गोष्टी मला पक्क्या कळतात. बाकी सगळं त्या काळ्या पडद्यासारखं.

तेव्हा तू ये. पोराला मशीन घेऊन यायला सांग, आणि त्याच्याबरोबर मशीनवर बसून ये हवं तर, गावाला तेवढीच करमणूक. आपण दोघी बांधावर उभ्या राहू. त्याला उदबत्ती लावू दे. तो विचारेल. मग तू म्हणशील, की मी म्हणेन, की दोघी एकदम म्हणू, की दोघींच्याही तोंडाला कुलूप लागेल आणि हे खोकत बसतील, मला खरंच माहीत नाही. पण या खेपेला मी चहा-पोह्यांत त्याला गुंतवणार नाही. वरच्या ओळीच्या टोकाचं ओटी भरलेलं झाड तेवढं सगळ्यात शेवटी घ्यायला सांगू. त्याच्यावर अजून बिनडागाचं एक फळ आहे. मी त्याला हात लावलेला नाही. ते आपण फोडून खाऊ, आधी.

मग हातपाय धुऊन सिनेमा लावू. सगळा नको, शेवटचा तेवढा. तू नीट बघ आणि मला सांग, तो आत गेला की माघारी फिरला, आणि ते दोन वाडगे कशाचे. तुझी नजर माझ्यापेक्षा चांगली आहे. फक्त मान पाडू नकोस.

हात धू ते पिठाचे. वारं सुटायच्या आत ये गं, लवकर ये.